पर्यावरण कर आणि पर्यावरण भरपाई: दोन पावत्या, दोन वेगळे हिशेब

पंधरा वर्षं झालेली मोटार ताडदेवच्या किंवा वडाळ्याच्या आरटीओत फेरनोंदणीला नेली की पावतीत ‘पर्यावरण कर’ अशी एक रक्कम येते. साकीनाक्याच्या गाळ्यात प्लेटिंग (धातूवर मुलामा) करणाऱ्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली, तर तिच्यात ‘पर्यावरण नुकसानभरपाई’ मागितलेली असते. दोन्हीकडे पैसे सरकारकडे जातात आणि दोन्हींच्या नावात पर्यावरण आहे. म्हणून लोक दोन्हींना सरसकट ‘प्रदूषणाचा दंड’ म्हणतात. मोटारवाल्याला उगाच गुन्हेगार ठरवल्यासारखं वाटतं आणि गाळेवाला समजतो की पैसे भरले, आता काम चालू ठेवायला हरकत नाही. दोघांचाही समज चुकीचा आहे.

कर ही कायद्यात बसणाऱ्या प्रदूषणाची किंमत असते. नियम पाळणाऱ्यालाही तो भरावा लागतो आणि प्रदूषण कमी केलं की रक्कम उतरावी, असा त्यामागचा विचार असतो. भरपाई मर्यादा किंवा नियम मोडल्यावरच लागते. ती भरल्याने पुढच्या प्रदूषणाची मुभा मिळत नाही. बिघाड दुरुस्त करावाच लागतो, नाहीतर भरपाई दिवसागणिक वाढत जाते.

आता आपला कर या कसोटीवर उतरतो का ते पाहू. महाराष्ट्रात 2010 साली जुन्या गाड्यांवर हा कर आला, तेव्हा पाच वर्षांसाठी दुचाकीला 2,000, पेट्रोल मोटारीला 3,000 आणि डिझेल मोटारीला 3,500 रुपये ठरले. पेट्रोल मोटारीचे महिन्याला 50 रुपये झाले. पेट्रोल आणि डिझेलमधला फरक वर्षाला 100 रुपये. रोज विरारहून फोर्टला जाणारी गाडी आणि दादरच्या सोसायटीत आठवडाभर झाकून ठेवलेली गाडी सारखाच कर भरतात. धूर किती, किलोमीटर किती, इंजिनाची देखभाल कशी, यातलं काहीच हिशेबात नाही. मालकाने इंजिन नीट करून घेतलं तरी एक रुपया वाचत नाही. उलट पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट महसुलासाठी लावलेला, पण तो घेतलेल्या प्रत्येक लिटरवर लागतो. कमी जाळलं की कमी भरावं लागतं. नावात पर्यावरण नसूनही पर्यावरण कराचं काम तोच जास्त करतो.

कोळशाची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण जिथे प्रत्येक धुराडं मोजणं परवडत नाही अशा देशांसाठी ती वाट खरोखर चांगली होती. लाखो ठिकाणी धूर मोजण्यापेक्षा खाणीच्या आणि बंदराच्या दारात टनामागे पैसे घ्यायचे. या कोळसा उपकराची 2010 मध्ये टनाला 50 रुपयांपासून सुरुवात झाली, 2014 ला 100, 2015 ला 200 आणि 2016 ला 400 झाले. एक टन भारतीय कोळशातून साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असं धरलं, तर टन कार्बन डायऑक्साइडमागे अडीचशे रुपयांच्या वर किंमत बसली. गरीब देशाच्या मानाने हे छोटं पाऊल नव्हतं.

पण दोन ठिकाणी पाणी मुरलं. पहिलं पैशात: 2017-18 पर्यंत सुमारे 86,440 कोटी रुपये जमले. त्यातले सुमारे 29,645 कोटी स्वच्छ ऊर्जेच्या निधीत गेले आणि प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे 15,911 कोटी. 2017 पासून हेच 400 रुपये राज्यांना जीएसटीची तूट भरून देण्याकडे वळले. दुसरं दरात: सप्टेंबर 2025 मध्ये टनामागचा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. टक्केवारी किमतीवर लागते. जास्त राखेचा, हलक्या प्रतीचा कोळसा स्वस्त असतो, म्हणून त्यावर टनाला कमी कर आणि चांगल्या कोळशावर जास्त. जिथे किंमत चढायला हवी तिथेच ती उतरली. माझ्या मते हा बदल पर्यावरणाच्या बाजूने मागे नेणारा आहे.

चीनने 2018 साली जुनं प्रदूषण शुल्क बंद करून कायद्याने कर आणला. हवेतल्या प्रदूषकांच्या ठरावीक एककामागे 1.2 ते 12 युआन, आणि प्रांतांनी या मर्यादेत आपला दर ठरवायचा. उत्सर्जन मानकापेक्षा 30 टक्के खाली आणलं तर कर पाऊणपट, 50 टक्के खाली आणलं तर निम्मा. कारखानदाराला फिल्टर बसवायचा खर्च आणि वाचणारा कर समोरासमोर मांडता येतो. आपल्याकडच्या 1977 च्या पाणी उपकर कायद्यात प्रक्रिया यंत्रणा बसवणाऱ्याला 25 टक्के सूट होती, पण दर काही पैशांचेच होते आणि 2017 मध्ये तो कायदाच गेला.

भरपाईचं गणित केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सूत्रात बांधलं आहे: प्रदूषण निर्देशांक × दिवस × रुपये × उद्योगाचा आकार × ठिकाण. निर्देशांक सर्वांत प्रदूषणकारी उद्योगांच्या लाल प्रवर्गाला 80, नारिंगीला 50, हिरव्याला 30. रुपयांचा घटक 100 ते 500 मध्ये, सर्वसाधारणपणे 250. लघुउद्योगाला 0.5, मध्यमाला 1, मोठ्याला 1.5. ठिकाणाचा घटक लोकसंख्येवर, एक कोटीच्या वरच्या शहराला 2. साकीनाक्याचा लहान प्लेटिंगवाला लाल प्रवर्गात धरला तर 80 × 250 × 0.5 × 2, म्हणजे दिवसाला 20,000 रुपये. मोठा कारखाना असेल तर 60,000. गणितात कितीही कमी आलं तरी दिवसाला किमान 5,000.

या सूत्रात किती किलो प्रदूषण सोडलं ते नाही. मर्यादेच्या थोडं वर गेलेला आणि दहापट सोडणारा, प्रवर्ग आणि आकार सारखे असतील तर सारखंच भरतात. म्हणून भरपाईला कराच्या जागी बसवता येत नाही, ती फक्त मर्यादेच्या रेषेची राखण करू शकते. आणि जिथे नोंदच नाही तिथे दोन्ही हुकतात. मुंबईतल्या पावाच्या भट्ट्या जुन्या फर्निचरचं लाकूड जाळत असताना कोळशाचा उपकर त्यांना कधी शिवलाही नाही. तिथे जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाला सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर या, असा थेट आदेशच द्यावा लागला.

हिशेबाच्या वहीतही फरक पडतो. धंद्यासाठी भरलेला कर खर्च म्हणून वजा होतो, कायदा मोडल्याबद्दलचा दंड होत नाही. भरपाई यांपैकी कुठे बसते यावर वाद होऊ शकतो, तेव्हा सीएला पावतीबरोबर मूळ आदेशही दाखवा. 4 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना भरपाई आकारण्याचा अधिकार आहे असं सांगताना ती शिक्षेच्या दंडापेक्षा वेगळी मानली आहे.

नोटीस हातात पडली की आधी प्रवर्ग आणि आकार मंडळाच्या संमतीपत्राशी जुळतो का ते ताडून बघा, मग दिवस मोजा. दिवस उल्लंघन दिसल्यापासून (किंवा निर्देश पाळायची मुदत संपल्यापासून) मंडळाने पूर्तता तपासेपर्यंत धरले जातात. तुम्ही ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) दुरुस्त केला त्या दिवशी ते थांबत नाहीत. पंप बदलला की त्याच दिवशी प्रयोगशाळेला नमुना द्या, अहवाल आला की तपासणीची लेखी मागणी करा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आठ दिवस उशीर झाला, तर वरच्या लहान युनिटचे 1,60,000 रुपये वाढतात.