गे हक्कांच्या राजकारणाचं बीट फ्रीलान्सरकडेच का राहिलं

अमेरिकेच्या राजकारणात गे हक्कांचं काय चाललंय हे नेमाने लिहिणारे, म्हणजे पत्रकारांच्या भाषेत हे 'बीट' सांभाळणारे, पत्रकार बघितले तर त्यात फ्रीलान्सर फार दिसतात, एक बातमी या पेपरला, एक लेख त्या मासिकाला, असं करत वॉशिंग्टनमध्ये टिकून राहिलेले. मला बरेच दिवस प्रश्न पडायचा की एवढा मोठा विषय, यावर निवडणुका लढवल्या गेल्या, सुप्रीम कोर्टात इतक्यांदा केस गेली, मग मोठ्या पेपरांनी यासाठी पगारी माणूस खूप आधी का नाही नेमला? त्यासाठी मागे जावं लागतं, आणि मागे म्हणजे पार १९५० पर्यंत.

फेब्रुवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी जॉन प्यूरिफॉय यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की सुरक्षेला धोका म्हणून खात्यातून जे लोक गेले त्यातले ९१ जण समलैंगिक होते. राष्ट्रीय राजकारणात ही माणसं ठळकपणे आली ती अशी, आकडा म्हणून, त्या ९१ मधल्या एकाचीही बाजू कोणी विचारली नाही. मग सिनेटची चौकशी झाली, डिसेंबरमध्ये रिपोर्ट आला की असे लोक सरकारी नोकरीच्या लायक नाहीत आणि ब्लॅकमेलला बळी पडतील म्हणून धोकादायक आहेत, आणि एप्रिल १९५३ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०४५० नंबरचा आदेश काढून त्यावर शिक्काच मारला. पुढे कित्येक वर्षं लोकांच्या नोकऱ्या जात राहिल्या. आता अशा शहरात एखाद्या बातमीदाराने संपादकाकडे जाऊन म्हणायचं की मला या लोकांशी बोलायचंय, त्यांची बाजू छापायचीय, तर पहिला संशय त्याच्यावरच येणार ना. म्हणून बातमी सरकारकडून यायची आणि तशीच छापली जायची.

दुसरी बाजू लिहायला मग ज्यांच्यावर वेळ आली तेच बसले. लॉस एंजेलिसमध्ये १९४७ सालीच एक तरुणी ऑफिसच्या टाइपरायटरवर कार्बन पेपर लावून लेस्बियन बायकांसाठी छोटं मासिक काढायची, 'व्हाइस व्हर्सा' नाव, आणि प्रती हातोहात द्यायची. त्याच शहरात जानेवारी १९५३ मध्ये 'वन' नावाचं मासिक सुरू झालं, ते मात्र उघडपणे विकलं जायचं. ऑक्टोबर १९५४ चा अंक पोस्टाने अश्लील म्हणून अडवला. एका तरुण वकिलाने केस चालवली, खालच्या दोन्ही कोर्टांत हरले, आणि १३ जानेवारी १९५८ ला सुप्रीम कोर्टाने युक्तिवादसुद्धा न ऐकता एका वाक्यात निकाल मासिकाच्या बाजूने फिरवला. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गे मजकूर पोस्टाने पाठवणं हाच गुन्हा ठरला असता तर पुढचं काहीच झालं नसतं, ना पेपर, ना बातमीदार.

वॉशिंग्टनमधली गोष्ट सुरू होते फ्रँक कॅमेनी यांच्यापासून. खगोलशास्त्राची डॉक्टरेट घेतलेला माणूस, लष्कराच्या नकाशा विभागात नोकरी, १९५७ मध्ये काढून टाकलं. सुप्रीम कोर्टापर्यंत लढले, १९६१ मध्ये कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला, आणि त्याच वर्षी त्यांनी मॅटाशीन सोसायटी ऑफ वॉशिंग्टन ही गे हक्कांची संस्था काढली. ते खासदारांना पत्रं आणि संस्थेचं पत्रक पाठवायचे, त्यावर टेक्सासचे एक खासदार इतके चिडले की संस्थेचा परवाना रद्द करायचं बिलच आणलं. १७ एप्रिल १९६५ ला व्हाइट हाऊससमोर दहा माणसं फलक घेऊन उभी राहिली, पुरुष सूट-टायमध्ये, बायका ड्रेसमध्ये, कारण कॅमेनींचं म्हणणं होतं की नोकरी मागायला आलोय तर नोकरी देण्यासारखे दिसू या. कॅमेनी पत्रकार नव्हते पण कागद जपून ठेवण्याची त्यांची सवय पुढच्या पत्रकारांना फार उपयोगी पडली, सरकारशी झालेला सगळा पत्रव्यवहार त्यांनी ठेवला आणि तो आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे.

१९६९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला स्टोनवॉल झालं, म्हणजे त्या नावाच्या गे बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोकांनी उलट प्रतिकार केला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या बारमधून एक सायक्लोस्टाइल केलेला कागद फिरायला लागला, 'गे ब्लेड', एकच पान. पुढे तेच 'वॉशिंग्टन ब्लेड' झालं. १९७६ मध्ये तिथे लू किब्बारो नावाचा तरुण लिहायला लागला, सुरुवातीला फ्रीलान्स म्हणून आणि तेही टोपणनावाने. पुढे नोकरीत घेतलं, स्वतःचं नाव आलं, आणि चाळीसहून जास्त वर्षं हा माणूस त्याच शहरात तेच बीट करत राहिला. टोपणनाव घेऊन देशाच्या राजधानीत राजकारण कव्हर करायचं म्हणजे काय असेल याचा विचार करून बघा, समोरचा खासदार नाव सांगून बोलणार आणि बातमीदाराला छापताना स्वतःचं नाव लपवावं लागणार.

तोवर बातम्या तर खूप होत्या. १९७२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात जिम फॉस्टर आणि मॅडलिन डेव्हिस या दोघांनी उघडपणे गे आणि लेस्बियन म्हणून भाषण केलं, पण पहाटे, देश झोपलेला असताना. मे १९७४ मध्ये बेला अ‍ॅब्झग आणि एड कॉच यांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, समानतेचं बिल मांडलं. २६ मार्च १९७७ ला गे संघटनांची पहिली अधिकृत बैठक व्हाइट हाऊसमध्ये झाली, अध्यक्षांच्या सहायक मिज कोस्टान्झा यांनी ती घडवून आणली, कार्टर स्वतः त्या दिवशी तिथे नव्हते. १९८० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात पहिल्यांदा लैंगिक कलाचा उल्लेख आला. या सगळ्याचा धागा नीट धरून वर्षानुवर्षं लिहिलं ते प्रामुख्याने गे पेपरांनी. न्यूयॉर्क टाइम्सने तर आपल्या बातमीत 'गे' हा शब्द सरसकट वापरायची परवानगीच जून १९८७ मध्ये दिली.

रँडी शिल्ट्स यांचं उदाहरण या बाबतीत अगदी बोलकं आहे. १९७५ मध्ये पत्रकारितेची पदवी घेतली, कॉलेजमध्ये बक्षिसं मिळवलेली, आणि गे असल्याचं लपवायचं नाही हे ठरवलेलं. नोकरी मिळेना. मग कितीतरी वर्षं फ्रीलान्स, 'अ‍ॅडव्होकेट' या गे नियतकालिकासाठी लिहायचं, टीव्ही स्टेशनसाठी बातम्या करायच्या. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलने घेतलं आणि मुख्य प्रवाहातल्या मोठ्या पेपरात उघडपणे गे असलेला, गे विषयांचं बीट असलेला बातमीदार दिसला. एड्सवरच्या सरकारी ढिलाईचा त्यांच्याइतका पाठपुरावा फार थोड्यांनी केला. त्यांच्या हातून चूकही झाली. कॅनडाच्या एका फ्लाइट अटेंडंटवर त्यांच्या पुस्तकामुळे साथ पसरवल्याचा डाग बसला, आणि २०१६ मधल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की अमेरिकेतली साथ त्याच्यापासून सुरू झालीच नव्हती. तो माणूस १९८४ मध्येच वारला होता. शिल्ट्स स्वतः १९९४ मध्ये एड्सने गेले, वय ४२.

आता एड्सबद्दल जरा थांबून लिहायलाच हवं. सरकारी आरोग्य पत्रिकेत पहिल्या पाच केसेस आल्या ५ जून १९८१ ला, पण त्याच्या आधी, १८ मे ला, 'न्यूयॉर्क नेटिव्ह' या गे पेपरात लॅरी मास या डॉक्टरने या आजाराच्या चर्चेवर लिहिलं होतं. न्यूयॉर्क टाइम्समध्ये ३ जुलैला आतल्या पानावर एक बातमी आली. आणि मग येते १५ ऑक्टोबर १९८२ ची व्हाइट हाऊसची प्रेस ब्रीफिंग. लेस्टर किन्सॉल्विंग या पत्रकाराने प्रवक्ते लॅरी स्पीक्स यांना विचारलं की सहाशेच्या वर केसेस झाल्यात, एक तृतीयांश लोक गेलेत, अध्यक्षांना याची माहिती आहे का. प्रवक्त्याने उलट विचारलं, मला नाही झालेला, तुम्हाला झालाय का? आणि हॉलमध्ये हशा. रेकॉर्डिंग आजही ऐकायला मिळतं, मी ऐकलंय, आणि त्यात प्रवक्त्यापेक्षा जास्त टोचतं ते बाकीच्यांचं हसणं, कारण ते हसणारे देशातल्या मोठमोठ्या पेपरांचे आणि चॅनेलचे लोक होते. किन्सॉल्विंग यांनी १९८३ मध्ये परत विचारलं, १९८४ मध्ये परत विचारलं, परत तेच. आणि लक्षात घ्या, हा माणूस काही गे चळवळीतला नव्हता, त्याची स्वतःची मतं गे हक्कांच्या विरोधातलीच होती. लोक मरतायत तर विचारायला पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. अध्यक्ष रेगन यांनी एड्सवर पहिलं मोठं भाषण केलं ३१ मे १९८७ ला आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत २० हजारांवर माणसं गेली होती.

यानंतर मोठ्या पेपरांमधल्या गे पत्रकारांनाही गप्प राहवेना. १९९० मध्ये रॉय एरन्स या संपादकाने संपादकांच्या राष्ट्रीय परिषदेत आपण गे आहोत हे सांगितलं आणि त्याच वर्षी गे आणि लेस्बियन पत्रकारांची राष्ट्रीय संघटना उभी केली. मे १९९२ मध्ये 'डेट्रॉइट न्यूज'मधून डेब प्राइस यांचा स्तंभ सुरू झाला, देशभरच्या रोजच्या पेपरांत गे आयुष्यावर असा नियमित स्तंभ तोवर कधी नव्हता, आणि पहिल्याच लेखात त्यांनी वाचकांना विचारलं की माझ्या जोडीदाराची ओळख करून देताना कोणता शब्द वापरू?

पण आत शिरल्यावर दुसरी अडचण आली आणि माझ्या मते फ्रीलान्सर राहण्याचं खरं कारण इथे आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या (राजधानी वॉशिंग्टन वेगळी) टॅकोमा शहरातल्या पेपरच्या सँडी नेल्सन या लेस्बियन बातमीदार ऑफिसच्या वेळेबाहेर गे हक्कांच्या मोहिमेत काम करायच्या म्हणून १९९० मध्ये त्यांना बातमीदारीतून काढून कॉपी डेस्कवर, म्हणजे इतरांच्या बातम्या तपासायला, बसवलं, त्या कोर्टात गेल्या, आणि १९९७ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पेपरच्या बाजूने निकाल दिला. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी समलिंगी जोडप्यांना लग्नाचे परवाने द्यायला सुरुवात केली तेव्हा क्रॉनिकलच्या एका बातमीदार आणि एका फोटोग्राफर बाईने एकमेकींशी लग्न केलं, तर त्यांना त्या विषयावरूनच हटवलं. चळवळीत काम करणं वेगळं आणि स्वतःचं लग्न करणं वेगळं, हा फरक तरी संपादकांनी करायला हवा होता असं मला ठाम वाटतं. नवरा-बायको असलेला बातमीदार लग्नाच्या कायद्यावर लिहितो तेव्हा त्याला कोणी तटस्थ आहेस का म्हणून विचारत नाही. मग ज्याला हा विषय सोडायचा नाही त्याने पगार सोडायचा, असा हिशेब झाला.

त्यात प्रेस पासची भानगड. काँग्रेसच्या गॅलरीचे पास पत्रकारांच्याच समित्या देतात आणि तुमचं मुख्य उत्पन्न बातमीदारीतून येतं का, कोणत्या संस्थेसाठी काम करता हे बघतात. त्यामागचा हेतू लॉबिंग करणाऱ्यांना लांब ठेवण्याचा आहे, तो बरोबरही आहे, पण पाच ठिकाणी थोडं थोडं लिहिणाऱ्या माणसाला हे कागद जमवताना नाकी नऊ येतात.

आणि तरी हा माणूस तिथे असण्याने काय फरक पडतो ते १० सप्टेंबर १९९६ च्या दिवसावरून कळतं. त्या दिवशी सिनेटने लग्न म्हणजे फक्त स्त्री-पुरुषाचं असं केंद्रापुरतं ठरवणारा कायदा ८५ विरुद्ध १४ ने पास केला, त्याची मोठी बातमी झाली. त्याच दिवशी नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारं बिल ४९ विरुद्ध ५० ने पडलं. एका मताने! अर्कान्सासचे सिनेटर डेव्हिड प्रायर मुलाच्या ऑपरेशनमुळे आले नव्हते, ते असते तर बरोबरी झाली असती आणि उपाध्यक्ष अल गोर यांचं मत निर्णायक ठरलं असतं. नोकरीतलं ते संरक्षण देशभर मिळायला मग १५ जून २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला. कोण गैरहजर होतं आणि का, हे जपून ठेवतो तो वर्षानुवर्षं हेच बघणारा माणूस.

पैशाची बाजू कायमच कच्ची. ऑक्टोबर २००९ मध्ये 'ब्लेड'ला चाळीस वर्षं झाली आणि पुढच्याच महिन्यात मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, १६ नोव्हेंबरला, सोमवारी, ऑफिसला कुलूप. लोक रस्त्यावर आले, पगार बंद, त्यात किब्बारोही होते. त्यांनी एकत्र बसून लिहिलं आणि त्याच शुक्रवारी वेगळ्या नावाने छोटासा अंक छापून वाटला. 'ब्लेड' हे नाव त्यांना पुढच्या वर्षी परत मिळालं.