स्किल लॅब आणि सिम्युलेशन: पुतळा एक, शिकणं दोन

"आमचं सिम्युलेशन झालं," असं एमबीबीएसचे विद्यार्थी सांगतात, तेव्हा बरेचदा झालेलं असतं ते स्किल लॅबमधलं प्रात्यक्षिक. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात स्किल लॅब सक्तीची झाली, हे फार चांगलं झालं. प्लॅस्टिकच्या हातावर सलाईन लावणं, श्वासनलिकेत नळी घालणं, हृदय थांबलेल्या रुग्णासाठी छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देणं, हे सगळं रुग्णाला हात लावण्याआधीच हातात बसतं. एक विद्यार्थी, एक कृती, आणि चूक दाखवायला शेजारी सर.

सिम्युलेशनमध्ये पुतळा तोच असेल, पण अख्खा प्रसंग उभा करावा लागतो. रुग्णाची नाडी लागत नाही, खाटेभोवती पाच जण आहेत. सूत्रं कुणाच्या हातात? दाब देणाऱ्याला दोन मिनिटांनी बदली कोण देणार? "कुणीतरी ॲड्रेनालिन द्या" असं नुसतं ओरडलं, तर कुणीच देत नाही किंवा दोघं देतात. म्हणून नाव घेऊन सांगायचं: ॲड्रेनालिन एक मिलिग्रॅम, शिरेतून. ऐकणाऱ्यानं तेच शब्द परत म्हणायचे आणि दिल्यावर "दिलं" असं मोठ्यानं सांगायचं. हे एकट्यानं घोकून येत नाही.

हातातलं कौशल्य असूनही जीव जातो, याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २००५ मध्ये एलेन ब्रोमिली सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा होईना. डॉक्टर अनुभवी होते, पण ते नळी घालण्याच्या प्रयत्नातच अडकून राहिले. गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचा संच नर्सनं आणून ठेवला होता आणि तसं सांगितलंही होतं. तो वापरला गेला नाही. काही दिवसांनी एलेन गेल्या. त्यांचे पती मार्टिन वैमानिक. कॉकपिटमध्ये कनिष्ठानं धोका बोलून दाखवायचा आणि वरिष्ठानं तो ऐकायचा, याचं रीतसर प्रशिक्षण असतं. वैद्यकातही ते यावं म्हणून मार्टिन पुढे काम करत राहिले. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी विमानक्षेत्रातली ही पद्धत भूलशास्त्रात आधीच आणली होती.

माझ्या मते सिम्युलेशनचा खरा तास प्रसंग संपल्यावर सुरू होतो. सगळे गोल बसतात आणि सर विचारतात, "त्या क्षणी तुला काय वाटत होतं?" ऑक्सिजन उतरताना दिसूनही इंटर्न गप्प का राहिला, ते इथे कळतं. ही चर्चा गाळली, तर महागडा पुतळासुद्धा स्किल लॅबपुरताच उरतो.

आणि त्या गोलात नर्सिंगचे विद्यार्थी हवेतच. अनेक ठिकाणी नर्सिंग कॉलेज त्याच आवारात असतं, तरी सराव वेगवेगळा चालतो. मग वॉर्डात पहिल्याच रात्री ही मुलं एकमेकांना सूचना देऊ-घेऊ लागतात, तीही खऱ्या रुग्णासमोर. एकत्र सरावाला एक खाट, साधा पुतळा आणि घड्याळ पुरेसं आहे. दोन्ही वेळापत्रकांत एक सामाईक तास तेवढा काढायला हवा.