प्रकृतीनुसार आहार (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

व्यक्तीची जन्मजात शरीरप्रकृती ओळखून तिला मानवेल असे अन्न, त्याचे प्रमाण आणि ते खाण्याची वेळ ठरविण्याच्या आयुर्वेदीय पद्धतीस प्रकृतीनुसार आहार म्हणतात. गर्भधारणेच्या वेळी वात, पित्त आणि कफ या तीन दोषांपैकी ज्याचे प्राबल्य असते त्यावरून प्रकृती ठरते, गरोदर मातेच्या आहारविहाराचाही तिच्या घडणीत वाटा असतो आणि एकदा घडलेली प्रकृती आयुष्यभर मूलतः बदलत नाही, असे आयुर्वेद मानतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात, सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तिची लक्षणे सविस्तर दिली आहेत. एकेका दोषाच्या तीन, दोन-दोन दोषांच्या तीन आणि तिन्ही दोष समान असलेली एक अशा एकूण ७ प्रकृती मानल्या जातात.

आहाराचा मूळ नियम चरकाने थोडक्यात सांगितला आहे. ज्या दोषाचे प्राबल्य असेल त्याच्या उलट गुणांचे अन्न घ्यावे आणि ज्याचे दोष मुळात समान आहेत त्याने सर्व रस सारख्या प्रमाणात घ्यावेत. रस म्हणजे चवी, आणि त्या ६ आहेत. गोड, आंबट व खारट चवी वाताला शमवतात आणि कफ वाढवतात. तिखट, कडू व तुरट चवी याच्या उलट, म्हणजे कफ कमी करून वात वाढवणाऱ्या आहेत. पित्तासाठी गोड, कडू व तुरट हितकर, तर तिखट, आंबट व खारट अपायकारक मानल्या जातात. याच्या जोडीला पचनशक्तीचा, म्हणजे अग्नीचा विचार येतो. वातप्रधान माणसाची भूक कधी लागते तर कधी लागत नाही, पित्तप्रधान माणसाला ती सहन होत नाही आणि कफप्रधान माणसाचे पचन संथ असते. यांना अनुक्रमे विषम, तीक्ष्ण आणि मंद अग्नी अशी नावे आहेत.

येथवरचा भाग तक्त्यात मांडता येतो, आणि हल्ली तो बहुधा तसाच मांडला जातो. डावीकडे प्रकृती, उजवीकडे ‘खावे’ व ‘खाऊ नये’. मूळ ग्रंथांचा विचार मात्र याहून कितीतरी व्यापक आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार करताना पाहावयाच्या ८ गोष्टी दिल्या आहेत : पदार्थाचा मूळ स्वभाव, त्यावर झालेला संस्कार, त्याचा दुसऱ्या पदार्थाशी संयोग, प्रमाण, देश, काळ, जेवण्याचे नियम आणि शेवटी जेवणारा स्वतः. या यादीत ‘प्रकृती’ हा शब्द येतो तो अन्नाच्या स्वभावासाठी. जेवणाऱ्याचा विचार अखेरीस येतो आणि तेथे भर आहे तो त्याला सवयीने काय मानवते यावर. म्हणून कोणताही एक पदार्थ एखाद्या प्रकृतीला कायमचा वर्ज्य ठरविणे हे शास्त्राला धरून होत नाही.

यातील ‘देश’ या घटकाचा अर्थ समजण्यासाठी बेळगाव जिल्ह्यासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही. आयुर्वेदात भूमीचे ३ प्रकार आहेत. भरपूर पाण्याचा, दाट झाडीचा आनूप देश कफप्रधान, कोरडा व विरळ झाडीचा जांगल देश वातप्रधान आणि दोहोंच्या मधला तो साधारण देश. जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूर तालुक्यात सह्याद्रीचे जंगल आहे, मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. ईशान्येकडे अथणी आणि रायबाग या तालुक्यांत वर्षाला साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि काळ्या रानात रब्बीचा शाळू होतो. बेळगाव शहर या दोहोंच्या मध्ये आहे. एका जिल्ह्याच्या हद्दीत तिन्ही देश असल्यामुळे एकाच प्रकृतीच्या दोन माणसांना, एक कणकुंबीचा आणि एक अथणीचा असेल तर, शास्त्रानुसार वेगळे जेवण सांगावे लागते.

अथणी, चिकोडी, निपाणीकडचे मुख्य अन्न जोंधळ्याची भाकरी. चरकाने जोंधळ्याला (जूर्णाह्व) सावा, कोद्रा यांसारख्या धान्यांच्या पंक्तीत बसविले असून ही धान्ये तुरट-गोड, हलकी, थंड, कफ व पित्त कमी करणारी, परंतु वात वाढवणारी आहेत, असे म्हटले आहे. तक्ता पुढे ठेवला तर वातप्रधान माणसाला आणि तेही कोरड्या मुलुखात भाकरी वर्ज्यच ठरेल. प्रत्यक्षात ती कशी खाल्ली जाते ते पाहावे. पीठ कढत पाण्याने भिजवून मळतात, भाकरी थापून तव्यावर पाणी फिरवतात आणि आचेवर ती टम्म फुगली की वरचा पापुद्रा सोडवून आत लोण्याचा गोळा घालतात किंवा कच्चे तेल सोडून शेंगांची चटणी पसरतात. ती गरम असतानाच, पातळ कोरड्यास (कालवण) किंवा आमटीबरोबर कुस्करून खातात. कढत पाणी व आच हा संस्कार झाला, लोणी किंवा तेल हा संयोग, आणि धान्याचा रूक्षपणा ताटात येईपर्यंत पुष्कळसा निवालेला असतो. हेच पीठ उन्हाळ्यात आंबील होऊन येते, आणि जोंधळ्याच्या कण्या थंड करून ताकात कालवल्या जातात, तेव्हा त्याच धान्याचा थंडपणा उपयोगी पडतो.

खानापूरकडे भात मुख्य आणि त्याच्या जोडीला नाचणी व हुलगे, म्हणजे कुळीथ. हुलगे उष्ण, कफ व वात कमी करणारे आणि पित्त वाढवणारे मानले जातात. वर्षाऋतूत अग्नी मंदावतो आणि वात बळावतो असे ग्रंथ सांगतात. अशा दिवसांत हुलग्याचे कढण किंवा माडगे, मिरी-लसूण लावून गरम गरम पिणे हे त्या ओल्या प्रदेशाला शोभणारे आहे. पित्तप्रधान माणसाला तेच शरदातल्या उन्हात सोसत नाही, आणि मग आमसुलाचे सार, ताक किंवा नाचणीची आंबील जवळ केली जाते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याबरोबर खाण्याचा प्रघातही थंडीत उष्ण व स्निग्ध खाण्याच्या ऋतुचर्येशी जुळतो.

सीमाभागातील मराठी घरांत ‘प्रकृती’ हा शब्द तब्येत या अर्थाने वापरला जातो. शास्त्रातल्या विचाराला लोकांनी दुसरे शब्द दिले आहेत. वांगे ‘वातूळ’ असते, पपई ‘उष्ण पडते’, एखाद्याला हरभऱ्याची डाळ ‘बाधते’, दुसऱ्याला रात्रीचे दही ‘मानवत नाही’. यातील ‘मानवणे’ हे क्रियापद शास्त्रातील ‘सात्म्य’ या संज्ञेचे जवळजवळ अचूक भाषांतर आहे. कानडी शेजाऱ्यांच्या बोलीतही उष्ण आणि ‘तंपु’ (थंड) अशीच जोडी असल्यामुळे आहाराबद्दलचे हे बोलणे दोन्ही भाषांच्या घरांत सहज चालते. रात्री दही खाऊ नये हे चरकाचेच सांगणे आहे, पण घरात ते आजीच्या तोंडून येते.

बाळंतिणीच्या आहारात हा विचार सर्वांत ठळक दिसतो. प्रसूतीनंतर वात वाढतो असे मानून स्निग्ध व उष्ण पदार्थ दिले जातात. डिंकाचे लाडू, अळीव, तूप, बाळंतशेपा हे सर्वत्रच आहेत. या भागात त्यांत गोकाकच्या करदंटाची भर पडते. तळलेला डिंक असा त्याच्या कानडी नावाचा अर्थ आहे आणि गूळ, खोबरे, खारीक व सुकामेवा त्यात असतो. बेळगावचा कुंदा मात्र खवा व साखरेचा, म्हणजे पचायला जड आणि कफ वाढवणारा. मंद अग्नीच्या माणसाने तो थोडाच खावा.

संहितांच्या आधाराने आजचे ताट तपासताना एक अडचण येते. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका आणि शेंगदाणा ही पिके अमेरिका खंडातील असून ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात रुजली. चरक-सुश्रुतांना तिखट माहीत होते ते मिरी, पिंपळी आणि सुंठीचे. संकेश्वरी मिरचीवाचून ज्या भागातील चटणी होत नाही आणि बटाटा जेथे शेतकऱ्याचे नगदी पीक आहे, तेथील बराचसा आहार संहितांच्या बाहेरचा ठरतो. या पदार्थांचे गुण नंतरच्या वैद्यांनी आणि लोकांनी चव व अनुभव यांवरून ठरविले. हे परंपरेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे, पण त्यांना प्राचीन वचनांचा आधार असल्याचे भासविणे चुकीचे होय.

आधुनिक विज्ञानाच्या दृष्टीने दोषसिद्धांत सिद्ध झालेला नाही, आणि प्रकृतीनुसार आहार घेतल्याने रोग टळतात असे दाखविणारा भक्कम पुरावा अद्याप उपलब्ध नाही. प्रकृती व जनुके यांच्या संबंधावर काही काम झाले आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राच्या पुढाकाराने झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पित्तप्रकृतीचा पीजीएम१ या जनुकाशी संबंध सुचविण्यात आला. तथापि असा संबंध दिसणे आणि आहाराचा नियम खरा ठरणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. एकाच व्यक्तीची प्रकृती दोन परीक्षकांकडून वेगळी ठरते, ही अडचणही राहते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२४ च्या अखेरीस देशभर प्रकृतिपरीक्षणाची मोहीम घेतली. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तसेच शहापूर भागात आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालयही आहे. मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा गरोदरपण असताना मात्र केवळ प्रकृतीवरून पथ्य ठरविणे धोक्याचे असून तेथे डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा लागतो.

आहार बदलण्याची रीतही ग्रंथांत दिली आहे. जन्मापासून सवयीचे झालेले अन्न, ते थोडे अहितकर असले तरी, एकदम सोडल्यास त्रास होतो. म्हणून त्याचा चौथा भाग कमी करून त्या जागी हितकर अन्नाचा चौथा भाग घ्यावा, काही दिवस जाऊ द्यावेत आणि मग पुढचा भाग बदलावा, असा हा क्रम आहे. त्याला पादांशिक क्रम म्हणतात. भातावर वाढलेली खानापूरकडची मुलगी लग्न होऊन अथणीला गेली, तर या क्रमानुसार तिच्या ताटात पहिल्यांदा पाव भाकरी येते आणि बाकी भातच राहतो.