'पायथन.एच' सापडत नाही: एका एररची पार्श्वभूमी

पायथनसाठी सी भाषेत एक्स्टेन्शन (पायथनमध्ये इम्पोर्ट करता येणारं मॉड्यूल) बिल्ड करताना कम्पायलर 'पायथन.एच अशी फाइल नाही' म्हणून थांबतो. लिनक्सवर कारण बहुधा साधं असतं. इंटरप्रिटर (पायथन कोड चालवणारा प्रोग्रॅम) एका पॅकेजमध्ये आणि हेडर फाइली (सी कोडला लागणाऱ्या घोषणांच्या फाइली, पायथन.एच त्यातलीच) दुसऱ्यात असतात. डेबियन आणि उबुंटूवर पायथन३-डेव्ह, फेडोरावर पायथन३-डेव्हेल टाकलं की बिल्ड पुढे सरकतं. ते टाकूनही एरर जात नसेल, तर हेडर एका आवृत्तीच्या आणि चालणारा इंटरप्रिटर दुसऱ्याच आवृत्तीचा, असा घोळ असण्याची शक्यता जास्त.

नव्वदच्या दशकात मुख्यतः दोन वाटा होत्या. एक, आपला कोड पायथनच्या सोर्समध्ये मॉड्यूल्स डिरेक्टरीत टाकायचा, सेटअप फाइलीत एक ओळ वाढवायची आणि अख्खा इंटरप्रिटर पुन्हा बिल्ड करायचा. दुसरी, मेकफाइल.प्री.इन नावाची तयार फाइल (मेकफाइल म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेली फाइल) आपल्या कोडशेजारी ठेवून तिचं 'बूट' टार्गेट चालवायचं. ही फाइल मशीनवरच्या पायथनलाच त्याची आवृत्ती आणि प्रीफिक्स (तो जिथे इन्स्टॉल आहे ती डिरेक्टरी) विचारायची व त्यावरून हेडरचा पत्ता जुळवायची. कल्पना उत्तमच होती, पण ती युनिक्सपुरतीच.

ग्रेग वॉर्ड यांनी सुरू केलेलं डिस्टयूटिल्स (पायथन मॉड्यूल बिल्ड आणि इन्स्टॉल करायचं साधन) २००० साली पायथन १.६ आणि २.० बरोबर आलं आणि हेच काम गेट_पायथन_इन्क या फंक्शनकडे गेलं. हे फंक्शन दोन वेगळे पत्ते देऊ शकतं, कारण बहुतेक हेडर सगळ्या मशीनवर सारख्याच असतात. फक्त इंटरप्रिटर कॉन्फिगर करताना तयार होणारी पायकॉन्फिग.एच मशीनगणिक बदलते. या फाइलीचं नाव पूर्वी नुसतं कॉन्फिग.एच होतं. ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारं साधन) वापरणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्याच नावाची फाइल असल्याने टक्कर व्हायची, म्हणून २.२ मध्ये नाव बदललं.

खरा त्रास देते ती हीच फाइल. ६४ बिटच्या पायकॉन्फिग.एच वर ३२ बिटचं बिल्ड केलं, की 'लाँग_बिट (सीमधला लाँग किती बिटचा) चुकीचं दिसतंय' अशी एरर येते, आणि लोक बिचाऱ्या जीसीसी कम्पायलरला दोष देतात. एरर आली हे तरी नशीब. पायथन ३.३ च्या आधी युनिकोड अक्षरं २ किंवा ४ बाइटची ठेवण्याचा पर्याय होता. हेडर एका प्रकारच्या आणि इंटरप्रिटर दुसऱ्या प्रकारचा असेल तर बिल्ड निमूटपणे पार पडायचं आणि इम्पोर्ट करताना नावात यूसीएस२ (२ बाइट) किंवा यूसीएस४ (४ बाइट) असलेलं सिम्बॉल, म्हणजे फंक्शन, सापडत नाही म्हणून सगळं कोसळायचं.

हेडरचा पत्ता सांगणारी पायथन-कॉन्फिग स्क्रिप्ट २.५ मध्ये आली, त्याच कामाचं सिसकॉन्फिग मॉड्यूल २.७ आणि ३.२ मध्ये. ३.२ पासून हेडरच्या डिरेक्टरीच्या नावाला 'एम' चिकटला (पायथन३.२एम) आणि ३.८ मध्ये गेला. पत्ता हाताने लिहिलेल्या मेकफाइली दोन्ही वेळा मोडल्या.

सीमेक या बिल्ड साधनाची गोष्ट आणखी वेगळी. त्याची जुनी मॉड्यूल्स इंटरप्रिटर आणि लायब्ररी स्वतंत्रपणे शोधायची, त्यामुळे पायथन ३.६ चा इंटरप्रिटर आणि २.७ चे हेडर अशी जोडी सहज जमायची. २०१८ च्या सीमेक ३.१२ मधल्या फाइंडपायथन३ ने दोन्हींचा शोध एकत्र आणला.

म्हणून पत्ता त्याच इंटरप्रिटरला विचारावा, ज्यात एक्स्टेन्शन चालणार आहे: सिसकॉन्फिगच्या गेट_पाथला 'इन्क्लूड' द्यायचं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्येही (एका प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) उत्तर मूळ पायथनच्या डिरेक्टरीचं येतं, तेच बरोबर. मात्र हे फंक्शन डिरेक्टरी खरोखर आहे का ते तपासत नाही. डेव्ह पॅकेज नसलं तरी पत्ता बिनदिक्कत छापतं, तेव्हा तिथे पायथन.एच आहे का ते एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) करून बघावं.

नमपाय या गणिती लायब्ररीचे हेडर मात्र पायथनच्या इन्क्लूडमध्ये नसतात, पॅकेजच्या आतच असतात. त्यांचा पत्ता नमपायचं गेट_इन्क्लूड देतं. त्यासाठी सेटअप.पीवाय (पॅकेज बिल्ड करणारी स्क्रिप्ट) चालण्याआधीच नमपाय हवं, आणि हा पेच २०१६ च्या पेप ५१८ ने (पायथनमधल्या बदलाच्या औपचारिक प्रस्तावाने) सोडवला: बिल्डला काय लागतं ते पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये लिहायचं. २०२४ च्या नमपाय २.० मध्ये आतली कोर डिरेक्टरी _कोर झाली, तेव्हा गेट_इन्क्लूड वापरणाऱ्यांना काहीच बदलावं लागलं नाही.

२०२३ मध्ये पायथन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स काढून टाकलं. जुन्या सेटअप.पीवायमध्ये गेट_पायथन_इन्क असेल, तर आता हेडर शोधण्याआधीच इम्पोर्टवर गाडी अडते. सेटअपटूल्स हे पॅकेज टाकलं की तात्पुरतं भागतं, कारण त्यात डिस्टयूटिल्सची प्रत आहे, पण ३.१२ पासून नव्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्सही आपोआप येत नाही.