चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकली होती का?

जॅझ ड्रमर जो जोन्सने चार्ली पार्करच्या डोक्यावर झांज फेकली, मुंडकं थोडक्यात वाचलं आणि त्यातून महान सॅक्सोफोनवादक घडला, ही गोष्ट 'व्हिपलॅश' (2014) चित्रपटामुळे फारच पसरली. ती अशी घडलेलीच नाही.

1936 साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये पोरसवदा पार्कर वाजवता वाजवता भरकटला. जोन्सने ड्रमची झांज काढून त्याच्या पायाशी जमिनीवर टाकली. खणखणाट झाला, लोक हसले. 'आता थांब' एवढाच त्याचा अर्थ. बेसवादक जीन रेमी तिथे होता. त्याने सांगितलेली आठवण हीच.

या दंतकथेचा मला राग येतो, कारण तिच्या आडून, त्या चित्रपटातल्या शिक्षकासारखी, शिकवणाऱ्याची क्रूरता खपवली जाते. पार्करला घडवलं रियाजानं. 1937च्या उन्हाळ्यात तो ओझार्कच्या डोंगराळ भागात एका बँडसोबत राहिला, सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगच्या रेकॉर्डी ऐकून त्यातले सोलो (एकट्याने वाजवलेले तुकडे) घोटले. तीन-चार वर्षं रोज किमान 11 ते 15 तास वाजवत होतो, असं त्यानेच 1954च्या मुलाखतीत सांगितलंय. पुढे 1947मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आणि ड्रमर मॅक्स रोच यांच्यासारखे वादक त्याच्याच क्विंटेटमध्ये, म्हणजे पाच जणांच्या बँडमध्ये होते.