कंपनी जुनी, म्हणून क्लेम पक्का?

‘कंपनी जुनी आहे, क्लेम अडकणार नाही,’ हे आरोग्य विमा घेताना वर्षानुवर्षं ऐकतो आपण. पण तसं नसतं. क्लेम ठरतो पॉलिसीतल्या अटींवर, कंपनीच्या वयावर नाही. को-पेमेंट २० टक्के असेल, तर मान्य झालेल्या बिलातल्या दर १०० रुपयांमागे २० तुमच्याच खिशातून जाणार, मग कंपनी शंभर वर्षांची का असेना. क्लेम सेटलमेंट रेशोनेही हुरळून जाऊ नका. किती क्लेम निकाली निघाले, एवढंच तो सांगतो. निम्मी रक्कम कापून दिलेला क्लेमही त्यात धरला जातो. आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्या आजारांसाठी क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, मात्र सही करण्याआधी वाचाच. आणि कृपा करून, अर्जात जुना रक्तदाब लपवू नका. क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरू शकतं.