डोकं पाच किलोचं, पाणी उचलतं दोन किलो

बडोद्यात राहून पोहता येत नसलं तर कुणी नावं ठेवत नाही. आमची नदी विश्वामित्री आणि तिच्यात मगरी, 2024 च्या पुरात तर त्या सोसायट्यांमध्ये फिरत होत्या. त्यामुळे आजोबांना लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकललं होतं तसं आमचं कधी झालंच नाही, आणि शेवटी बेचाळिसाव्या वर्षी मी टँकवर जाऊन कडेचा दांडा घट्ट धरून उभी राहिले.

पहिल्यांदा जाणवली ती धाप. अजून काही केलंच नाही आणि छाती आवळल्यासारखी! ही नुसती भीती नाही बरं का. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की बरगड्यांवर चहूबाजूंनी दाब येतो, पायातलं रक्तही छातीकडे ढकललं जातं, म्हणून श्वास आत घ्यायला एरवीपेक्षा जास्त जोर लागतो. (आणि ते वर आलेलं रक्त बघून शरीराला वाटतं की अंगात पाणी जास्त झालंय, म्हणून टँकमध्ये उतरलं की थोड्या वेळात बाथरूम आठवते. आधीच जाऊन या.)

पण खरी कटकट डोक्याची. सर रोज ओरडायचे, "बेन, माथुं अंदर!" आणि मी रोज मान वर काढून हातपाय मारायचे, पाय खाली, तोंडात पाणी, मग खोकला. नाक वर ठेवलं तरच जीव वाचणार ना, असं साधं लॉजिक होतं माझं.

घरी येऊन हिशोब मांडला. समजा 70 किलोचा माणूस आहे. सगळा श्वास सोडला तरी फुफ्फुसात साधारण सव्वा लिटर हवा उरतेच, ती धरून त्याचं आकारमान 68 लिटरच्या आसपास, म्हणजे तो 68 किलो पाणी बाजूला सारतो आणि हळूहळू खाली जातो. आता छातीभर श्वास घेतला की आकारमान 72 च्या घरात जातं, म्हणजे पाणी त्याला दोनेक किलो जास्तीचं उचलतं. बस, एवढाच फायदा, आणि डोकं असतं साडेचार-पाच किलोचं! अख्खं डोकं फुकटात बाहेर ठेवायचं गणित जमतच नाही, त्यासाठी सतत लाथा माराव्या लागतात, आणि नवशिक्याचा दम तिथेच संपतो. डोकं पाण्यात ठेवलं तर त्याचं बरंचसं ओझं पाणीच घेतं. (अंगावर चरबी असेल तर हा हिशोब अजून आपल्या बाजूने येतो, कारण चरबी पाण्यापेक्षा हलकी. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा उपयोग झाला.)

पाय का बुडतात तेही इथेच कळतं. हवा सगळी छातीत, म्हणून पाणी उचलतं छातीच्या जवळ, आणि वजनाचा मध्य खाली बेंबीच्या आसपास, मग पाळण्यासारखं एक टोक वर आणि दुसरं खाली. मान उचलली की अजूनच खाली. हात डोक्यापुढे सरळ लांब केले की थोडं वजन पुढे सरकतं आणि पाय आपसूक वर येतात.

मग श्वास. मी तो धरूनच ठेवायचे आणि दहा सेकंदात जीव कासावीस. पण ही घुसमट बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्याची नसतेच, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदू अलार्म वाजवतो. म्हणून तोंड पाण्यात असताना बुडबुडे सोडत राहायचं, वर आल्यावर फक्त आत घ्यायचं. पण मुद्दाम जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारायची पैज कधी लावू नका. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, अलार्म उशिरा वाजतो आणि त्याआधीच माणूस पाण्यात बेशुद्ध पडू शकतो.

एकविसाव्या दिवशी सर बाजूला उभे असताना दांडा सोडला, छातीभर श्वास घेतला आणि कान बुडेपर्यंत उताणी पडले. सर काहीतरी ओरडत होते, पण पाण्याखाली मला फक्त फिल्टरची घरघर ऐकू येत होती.